बेचाळीस पौंड हवा

धुळ्याच्या एसटी स्टँडसमोर 'न्यू हबीब टायर वर्क्स' नावाचं दुकान होतं. जुनं हबीब टायर वर्क्स कधीच नव्हतं. हबीब हे मालकाच्या वडिलांचं नाव, आणि 'न्यू' हा शब्द पाटी रंगवणाऱ्याने स्वतःच्या मनाने घातला होता. मालक हाशम शेख त्यावर पाटीवाल्याशी भांडला आणि पाटी तशीच ठेवली. हाशमभाईचं बहुतेक भांडणांत असं व्हायचं. म्हणणं त्याचं खरं असायचं, आणि पाटी तशीच राहायची.

हाशमभाई रागीट होता असं सगळं गाव म्हणे. ते पूर्ण खरं नाही. माणसांवर तो सहसा रागवत नसे. माणसं टायरशी जशी वागतात त्यावर रागवायचा. नवा टायर घेताना गिऱ्हाईक आधी त्याची चकाकी पाहतं, मग नाव वाचतं, मग किंमत विचारतं, आणि गाडी कुठल्या रस्त्यावर चालणार हे शेवटपर्यंत सांगत नाही. अशा गिऱ्हाइकाला तो टायर दाखवायचाच नाही. "आधी रस्ता सांग," म्हणायचा. एका प्राध्यापकांनी "रस्ता म्हणजे रस्ता" असं उत्तर दिलं, तेव्हा त्यांना स्कूटरसकट परत पाठवलं होतं. प्राध्यापक भूगोलाचे होते.

टायर तपासायची त्याची रीत ठरलेली होती. अंगठ्याचं नख रबरात रोवायचं आणि वळ किती वेळ राहतो ते बघायचं. मग टायर नाकाशी धरायचा. उन्हात पडून वाळलेल्या रबराला वास राहत नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी बोटं आत घालून आतल्या दोऱ्यांवरून फिरवायची, डॉक्टर पोट दाबतात तशी. हे सगळं होईपर्यंत गिऱ्हाइकाने बोलायचं नाही. चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस स्वतःच्या दुकानात इतकी शांतता राखी की आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाने त्याच्याकडून शिकावं.

एकोणनव्वद साली धुळ्यातल्या काही हौशी लोकांनी मोटार मंडळ काढलं. अध्यक्ष मगनशेठ. त्यांचं कापसाचं जिनिंग होतं, नरडाण्याजवळ शेतं होती, आणि पांढरी मारुती होती. यांतली कुठलीही एक गोष्ट अध्यक्षपदाला पुरली असती. मंडळाने ऑटोक्रॉस नावाची शर्यत ठेवली. मोकळ्या शेतात रिकामे ड्रम मांडायचे, त्यांच्यामधून वाकडीतिकडी वाट आखायची, एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. ड्रमला धक्का लागला की पाच सेकंद दंड. ज्या गाडीने माणूस रोज कचेरीत जातो तीच आणायची, आणि टायर रस्त्यावरचेच हवेत. शर्यतीचे खास टायर चालणार नाहीत. खास टायर धुळ्यात कोणी पाहिलेही नव्हते. तरी नियम केला, कारण पुण्याच्या मंडळाच्या छापील पत्रकात तो होता.

पहिल्या वर्षी कापूस निघाल्यावर, फेब्रुवारीत, मगनशेठच्याच शेतात शर्यत झाली. हाशमभाई तिथे पंक्चर काढायला होता. पऱ्हाटी उपटली तरी तिची धसकटं जमिनीत राहतात, आणि धसकट हे टायरच्या बाबतीत खिळ्याचं काम करतं. दिवसभरात त्याने सतरा पंक्चरं काढली. काढता काढता त्याने मोठ्याने सांगितलं की शेठच्या मारुतीचे मुंबईहून आणलेले नवे रेडियल टायर या जमिनीसाठी नाहीत. त्यांची नक्षी उंच आहे, वळणावर रबर गादीसारखं डुलतं, आणि बाजू इतकी पातळ की धसकट आरपार जाईल.

मारुती पंक्चर झाली नाही. पहिली आली. बक्षीस समारंभात मगनशेठ माईकवर म्हणाले, "टायर निवडणं वेगळं आणि पंक्चर काढणं वेगळं. काही लोकांना तेवढंही कळत नाही." मांडव हसला. तिथे हात काळे असलेला माणूस एकच होता, त्यामुळे नाव घ्यायची गरज पडली नाही.

हाशमभाईने हवेचा पंप टेम्पोत टाकला आणि तो घरी गेला. बायको सलीमाने जेवायला वाढलं, तर म्हणाला भूक नाही. तिने नंतर सांगितलं की तो माणूस वर्षभर जेवला खरा, पण भूक लागली असं काही म्हणाला नाही.

अभिमन पाटील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. तिशीचा, अबोल, वरिष्ठांसमोर आणखी अबोल. पिवळट रंगाची एक जुनी फियाट त्याने स्वतःच्या हाताने जुळवली होती. तिच्यातले काही भाग फियाटचे होते. पहिल्या वर्षी तो तिसरा आला होता. पावसाळा संपल्यावर हाशमभाई स्वतः रस्ता ओलांडून वर्कशॉपच्या फाटकाशी गेला. तो कोणाकडे जात नसे, म्हणून तिथले लोक कामं सोडून बघू लागले. त्याने अभिमनला एवढंच सांगितलं, की गाडी तुझी, टायर माझे, जिंकलास तर कप तुझा. स्वतःला काय हवं ते त्याने मगनशेठच्या पेढीवर जाऊन सांगितलं. अभिमनची फियाट मारुतीच्या पुढे आली, तर शेठने त्याच माईकवर म्हणायचं की टायर हाशमने निवडले.

शेठ हसले. कबूलही झाले. उठताना हाशमभाईने आणखी एक गोष्ट मागितली, की शर्यतीच्या आधी त्या जमिनीवर पाणी मारायचं नाही. काळी माती कोरडी असेपर्यंत दगड असते आणि ओली झाली की डिंक होते. टायर एका वेळी एकाच गोष्टीसाठी निवडता येतो. "नाही मारत रे बाबा. पाणी कशाला मारायचं?" शेठ म्हणाले. या वाक्यात त्यांची काही लबाडी नव्हती. मला आजही तसंच वाटतं, आणि त्यामुळेच राग जास्त येतो.

पुढचे तीन महिने हाशमभाई टायर निवडत होता. साक्री, पारोळा, अमळनेर, धरणगाव असं फिरून त्याने वापरलेले एकतीस टायर गोळा केले, फियाटच्या मापाचे, अरुंद, जुन्या नायलॉनच्या बांध्याचे. नख, नाक आणि बोटं लावून त्यातले सत्तावीस टाकून दिले. दर रविवारी नरडाण्याला जाऊन चपला काढून तो त्या शेतातून चालायचा. धसकटं कुठे दाट, भेगा कुठे रुंद, उन्हाने पापुद्रा कुठे फुटतो, हे तळपायाने बघायचा. गावातले लोक म्हणत, शेठचं शेत विकत घेतोय की काय. मग दुकानात, टायरवर नवं रबर चढवण्याआधी जुनं खरवडायचं जे यंत्र असतं, त्यावर त्याने चारही टायरची नक्षी निम्मी उतरवली. म्हणजे वळणावर डुलायला काही उरलं नाही. पुढे मऊ रबराची जोडी, मागे किंचित कडक. अभिमनने कारण विचारलं तेव्हा म्हणाला की वळणावर गाडीचं ढुंगण थोडं सुटलं पाहिजे, नाहीतर ती बैलगाडीसारखी वळते. गाडीत हवा चोवीस पौंड. तीन रविवार त्याने अभिमनकडून सराव करून घेतला, आणि तीनही रविवारी शिव्या दिल्या.

नव्वदच्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारी नऊ गाड्या आल्या. सकाळी आठ वाजता तपासनीसाने प्रत्येक टायरवर पांढऱ्या रंगाचा शिक्का मारला. शिक्क्यानंतर टायर बदलायचा नाही. शर्यत झाल्यावर चारही शिक्के पुन्हा बघायचे, नाही दिसले तर गाडी बाद. तपासनीस जिल्हा परिषदेतले निवृत्त ओव्हरसियर होते. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा नियम शेवटपर्यंत पाळायची संधी त्यांना मिळाली होती.

नऊच्या सुमाराला शेताच्या वरच्या अंगाने टँकर आला. निंबा नावाचा मगनशेठचा ड्रायव्हर तो चालवत होता. मागच्या तोट्या उघड्या सोडून त्याने सगळ्या वाटेवर एक फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी. कोणालाही त्यात वावगं दिसलं नाही. प्रमुख पाहुणे साडेनऊला यायचे होते. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की वाटेवर पाणी मारतात. नवरदेव असो, पुढारी असो, शाळा तपासणारा साहेब असो. ते पाणी कोणी पाणी म्हणून मोजत नाही. हात जोडताना कोणी हात मोजत नाही, तसंच ते.

हाशमभाई तेव्हा गाडीखाली होता. बाहेर आला तेव्हा वाट चकाकत होती. तो टँकरसमोर जाऊन उभा राहिला.

"पानी कोनी मारं?"

"शेठनी सांगं, भाऊ," निंबा म्हणाला. "पाव्हना ई राह्यनात. धूय उडस ना."

हाशमभाई मांडवात गेला. मगनशेठ फेटा बांधून घेत होते. ऐकून त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. पाणी मारायचं नाही हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं, म्हणाले; पण पाहुण्यांना धूळ खाऊ घालायची का? पाहुणे पांढऱ्या कपड्यांत येणार होते. शर्यत तासभर पुढे ढकलावी, ऊन वर आल्यावर पापुद्रा वाळेल, असं हाशमभाई म्हणाला. पाहुण्यांना अकरा वाजता शिंदखेड्याला उद्घाटन होतं. टायर बदलू द्या, म्हणाला. ओव्हरसियरने पत्रक उघडून नियम वाचून दाखवला. मग पुन्हा एकदा वाचला, कारण पहिल्यांदा हाशमभाईचं लक्ष नव्हतं असं त्यांना वाटलं.

तो मांडवातून बाहेर पडला. वाटेवर जाऊन उकिडवा बसला आणि बोट चिखलात खुपसलं. बोट दोन पेरं आत गेलं आणि थांबलं. खाली जमीन कोरडी होती, दगडासारखी. वर दोन पेरं डिंक, खाली दगड. तेवढ्यात पहिली गाडी सुटली. तिचे रुंद, नक्षीदार टायर पन्नास पावलांत मातीने भरले आणि चाकं मडक्यांसारखी गुळगुळीत झाली. दुसऱ्या वळणावर ती ड्रमला जाऊन टेकली आणि टेकूनच राहिली.

हाशमभाई उठला. अभिमनला म्हणाला, "हवा भर. बेचाळीस."

अभिमनला वाटलं याचं डोकं फिरलं. चिखलात हवा कमी करतात, एवढं एसटीत शिपायालाही माहीत असतं. हाशमभाईने पंप स्वतः लावला. शिक्का टायरवर होता. हवेबद्दल पत्रकात अक्षर नव्हतं, पुण्याच्या मंडळाला ते सुचलं नव्हतं. पायपंपाने चार टायर चोवीसवरून बेचाळीसवर न्यायला त्याला पंचवीस मिनिटं लागली. पंप मारता मारता तो अभिमनला सांगत होता की मऊ टायर चिखलावर पसरतो आणि चिखल गोळा करतो. अरुंद टायर दगडासारखा फुगव, म्हणजे तो सुरीसारखा दोन पेरं कापून खालच्या कोरड्या जमिनीला जाऊन भिडेल. नक्षी निम्मी उतरवलेली, त्यामुळे माती धरून ठेवायला जागाही थोडीच. "वळनवर ब्रेक दाबू नको," एवढं शेवटी मोठ्याने म्हणाला.

मारुती एक मिनिट एकतीस सेकंदांत आली, दोन ड्रम पाडून. दंड धरून एक एकेचाळीस. फियाट एक मिनिट चौदा सेकंदांत आली. एकही ड्रम हलला नाही. वाटेवर तिने दोन बारीक, खोल, सरळ चर पाडले होते, पेरणीच्या पाभरीने पाडावेत तसे. लोक गाडीपेक्षा ते चर बघत होते. हाशमभाई हात पुसत मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. माईककडे बघत होता.

पाहुणे घाईत असल्यामुळे बक्षीस समारंभ आधी, मग भरिताची पंगत, आणि शिक्के तपासणी पंगतीनंतर, असं ठरलं. मगनशेठ माईकवर आले. पाहुण्यांचे आभार मानले. पाऊस नसतानाही पाण्याने शर्यतीत कशी रंगत आणली हे सांगितलं. मग म्हणाले, "टायर कोणतेही असोत, शेवटी चालवणारा हुशार लागतो. आपल्या अभिमनने ते दाखवून दिलं." टाळ्या झाल्या. अभिमनच्या हातात कप आला, गळ्यात हार, आणि समोर माईक.

अभिमन आयुष्यात पहिल्यांदा माईकवर उभा होता. आभार मानायची आपल्याकडे एक उतरंड असते आणि ती शाळेपासून पाठ असते. त्याने प्रमुख पाहुण्यांचे आभार मानले, अध्यक्षांचे मानले, मंडळाचे, तपासनीसांचे, एसटीच्या डेपो मॅनेजरचे, जे आले नव्हते, आई-वडिलांचे, मंडपवाल्याचे आणि शेत उपलब्ध करून दिल्याबद्दल पुन्हा मगनशेठचे. टँकरने पाणी मारल्याबद्दल निंबाचेही मानले. उतरंड संपली. हाशमभाई तिच्यात कुठेच बसत नव्हता, म्हणून राहिला. अभिमन खाली उतरला आणि त्याला वाटलं की आपण बरं बोललो.

लोक पंगतीला बसले. केळीच्या पानांवर वांग्याचं भरीत आणि पुऱ्या आल्या, आणि मग आमच्याकडे तासभर कोणी मान वर करत नाही. त्या तासात हाशमभाईने फियाट चार दगडांवर चढवली. चाकं काढली. दोन लोखंडी पट्ट्या घेऊन चारही टायर रिमवरून उतरवले. रिमा अभिमनच्या होत्या, त्या पुसून एकावर एक रचल्या. सोळा नट चाकाच्या टोपणात घालून वर ठेवले, हरवू नयेत म्हणून. रागात असा नीटनेटकेपणा मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही.

ओव्हरसियर कागद घेऊन तपासणीला आले तेव्हा बॉनेटवर हार घातलेली, पहिली आलेली गाडी चार दगडांवर उभी होती. अभिमन भरिताच्या हातानेच धावत आला. टायर परत लावून दे, म्हणाला. शिक्के दिसले नाहीत तर कप जाईल.

"टायर मना शेतस, गाडी तुनी शे," हाशमभाई म्हणाला. "गाडी लई जाय."

अभिमनचाही आवाज चढला. शब्द शेठने मोडला, पाणी शेठने मारलं, मग राग माझ्यावर का, असं त्याने विचारलं. तोवर हाताला लागलेलं तेल पुसत उठलेले वीस-पंचवीस लोक भोवती जमले होते.

"त्यानाकडथीन माले काही आशा नही व्हती," हाशमभाई म्हणाला. "तुनाकडथीन व्हती."

तेव्हा अभिमनच्या लक्षात आलं. त्याने तिथेच, त्या लोकांसमोर, मोठ्याने म्हटलं की टायर हाशमभाईने निवडले. मान खाली घालून म्हटलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. हाशमभाईने मांडवाकडे बोट दाखवलं. मंडपवाला कर्णा उतरवून वायर गुंडाळत होता. संध्याकाळी त्याला शिंदखेड्याला लग्न होतं.

"माईकवर सांगनं व्हतं."

त्याने चार टायर निंबाच्या रिकाम्या टँकरवर बांधले आणि तो निंबाशेजारी जाऊन बसला. तेवीस मैलांनंतर दुकानापाशी टायर उतरवताना निंबा म्हणाला की तीन फेऱ्या मारायला नको होत्या. त्या दिवशी कोणी चूक कबूल केली असेल तर ती एवढीच.

ओव्हरसियरने निकालाच्या कागदावर लिहिलं : पहिला क्रमांक, टायरअभावी बाद. कप मगनशेठकडे गेला. तो त्यांनीच विकत आणला होता, त्यामुळे घरी पोचायला त्याला अडचण पडली नाही.

चार टायर पांढऱ्या शिक्क्यांसकट दुकानाच्या भिंतीवर टांगले गेले. कोणी किंमत विचारली तर हाशमभाई उत्तर देत नसे. अभिमन समोरच नोकरीला होता. सकाळ-संध्याकाळ दोघं एकमेकांना दिसत. त्याने दोनदा चहा पाठवला. हाशमभाईने दोन्ही वेळा तो पिऊन कप धुऊन परत पाठवला, पण निरोप काही पाठवला नाही. मंडळाने पुढच्या वर्षी शर्यत ठेवली नाही. हिशेब जुळत नव्हते असं म्हणतात, आणि मगनशेठला तोवर सहकारी बँकेचं अध्यक्षपद मिळालं होतं.

ब्याण्णवच्या मे महिन्यात, लग्नसराईत, एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी बाराच्या सुमाराला कर्ण्यातून नेहमीचा आवाज आला, की शिरपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे. मग खरखर झाली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दुसराच, घाबरलेला आवाज बोलू लागला. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. नव्वद सालच्या फेब्रुवारीत नरडाणा येथे जी मोटारींची शर्यत झाली, तीत पिवळी फियाट पहिली आली होती. तिचे टायर न्यू हबीब टायर वर्क्सचे हाशमभाई शेख यांनी निवडले होते. चिखल बघून त्यांत चाळीस पौंड हवाही त्यांनीच भरायला लावली होती. धन्यवाद."

हजारभर प्रवाशांनी कर्ण्याकडे बघितलं. एका म्हातारीने शेजारच्याला विचारलं की ही गाडी दोंडाईच्यावरून जाते का. या घोषणेबद्दल अभिमनला पुढे मेमो मिळाला, आणि डेपो मॅनेजरने त्यात 'फियाट' दोनदा अधोरेखित केलं होतं.

हाशमभाई तेव्हा ट्रकची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. त्याने ट्यूब खाली ठेवली, हात पुसले आणि रस्ता ओलांडला. दोन वर्षांनी पहिल्यांदाच तो त्या बाजूला गेला. कंट्रोल रूमच्या दारात गर्दी होती, ती बाजूला झाली. अभिमन माईकसमोर उभा होता, घामाने भिजलेला. तो हसायच्या बेतात होता, पण हाशमभाईचा चेहरा बघून थांबला.

"बेचाळीस व्हतं," हाशमभाई म्हणाला. "परत सांग."